चिठ्ठीवरचे गाव आणि तारीख : पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेची वाटचाल

करोनाच्या काळात ‘एनआयव्ही’ हे नाव घराघरांत पोचले. सकाळच्या पेपरात ‘नमुने पुण्याला पाठवले’ हे वाक्य रोजचे झाले. डेल्टा, डेल्टा प्लस, ओमायक्रॉन ही नावे पोराटोरांच्या तोंडी आली. तेव्हा अनेकांचा असा समज झाला की ही संस्था महासाथीसाठीच उभी राहिली असावी. प्रत्यक्षात विषाणूने पहिली धडक दिली तेव्हा संस्थेचे वय अडुसष्ट होते. २०२७ मध्ये ती पंच्याहत्तर वर्षांची होईल. करोनाच्या उपप्रकारांचा माग काढण्याचे जे काम देशाने पाहिले, त्याची तयारी या मधल्या वर्षांत झाली होती. ती तयारी महागड्या यंत्रांची कमी आणि एका सवयीची जास्त होती. नमुना घ्यायचा, त्यावर गाव, तारीख आणि तो कोणाकडून घेतला हे लिहायचे, आणि तो अशा रीतीने ठेवायचा की चाळीस वर्षांनंतर आलेल्या माणसालाही तो वापरता यावा. संस्थेचा इतिहास चाळताना ही सवय जागोजागी दिसते, म्हणून हा लेखही तिच्याच आधाराने पुढे जाईल.

१९५२ ते १९६० : पायाभरणी

दुसऱ्या महायुद्धानंतर रॉकफेलर फाउंडेशनचे पीतज्वरावरील मोठे काम संपत आले होते. पीतज्वराची लस हाती आली होती आणि तिच्याबद्दल मॅक्स थेलर यांना १९५१ चे नोबेल पारितोषिकही मिळाले होते. आता डास, गोचिडी यांच्यामार्फत पसरणारे इतर विषाणू जगात कुठे कुठे आहेत, हे शोधण्याचे काम फाउंडेशनने हाती घेतले. भारतापुढे तर एक जुने कोडे होते. एडिस डास इथे मुबलक, लोकसंख्या दाट, हवा उष्ण. मग पीतज्वर इथे का नाही? या पार्श्वभूमीवर १९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून पुण्यात ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ स्थापन केले. पुणे स्टेशनपासून जवळच, डॉ. आंबेडकर रस्त्यावरची जुनी वास्तू आजही संस्थेचा मुख्य पत्ता आहे.

पहिले काम साधे आणि कष्टाचे होते. देशाच्या वेगवेगळ्या भागांतील माणसांचे रक्तद्रव जमवायचे आणि त्यात कोणत्या विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडे सापडतात ते तपासायचे. स्मिथबर्न, कर आणि गटणे या तिघांचा १९५४ मधला शोधनिबंध या पाहणीतून आला. झिका विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे भारतीयांच्या रक्तात आढळल्याची नोंद त्यात आहे. त्या काळी झिका हे नाव युगांडातल्या एका जंगलाबाहेर फारसे कोणाला माहीत नव्हते. २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला महाराष्ट्रातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला, तेव्हा हा निबंध पुन्हा उघडून वाचणारे बरेच निघाले.

१९५५ मध्ये वेल्लोरच्या परिसरात जपानी मेंदुज्वराचे रुग्ण आढळले आणि संस्थेचे लोक मद्रास राज्यात पोचले. पण संस्थेला खरी ओळख मिळवून दिली ती मलनाडच्या जंगलाने. १९५७ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यातून बातमी आली की क्यासनूरच्या राखीव जंगलात वानरे आणि माकडे मरून पडत आहेत आणि आसपासच्या गावांतली माणसेही तापाने फणफणत आहेत. दक्षिण अमेरिकेत माकडांचे असे मृत्यू म्हणजे पीतज्वराची चाहूल, त्यामुळे सगळ्यांच्याच काळजाचा ठोका चुकला. संस्थेचे डॉ. टेलफर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी तडक जंगलात गेले. मेलेली माकडे, रुग्णांचे रक्त, गोचिड्या, सारे पुण्याला आले. निघाला तो पीतज्वर नव्हता. रशियातल्या वसंतकालीन मेंदुज्वराच्या कुळातला तो एक नवाच विषाणू होता. ‘क्यासनूर फॉरेस्ट डिसीज’ असे त्याचे नाव ठरले. कोकण-गोव्यात आज तो माकडताप म्हणून ओळखला जातो.

त्या दिवसांतले काम डोळ्यांसमोर आणायचे तर एक पांढरे फलालीन पुरे. कापडाचा एक फडका काठीला बांधायचा, जंगलातल्या पाचोळ्यावरून सावकाश ओढत न्यायचा, दर काही पावलांनी उलटा करून पाहायचा. पांढऱ्यावर गोचिडीची पिल्ले काळ्या ठिपक्यांसारखी दिसतात. चिमट्याने एकेक उचलून कुपीत टाकायची, बूच लावायचे, आणि चिठ्ठीवर जागा, तारीख, जमिनीचा प्रकार लिहायचा. दिवसभर चालल्यावर हाती लागणाऱ्या शंभर कुप्यांपैकी किती कामाच्या निघतील याचा नेम नसे. शिवाय हा विषाणू प्रयोगशाळेतही माणसाला सोडत नसे. संस्थेतल्या अनेकांना त्याची लागण झाली. त्यात शास्त्रज्ञ होते, तंत्रज्ञ होते आणि प्राण्यांची निगा राखणारे सेवकही होते. त्यांची नावे शोधनिबंधांच्या मथळ्याखाली सहसा नसतात.

सैबेरियाकडून येणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांनी हा विषाणू आणला असेल काय, या शंकेपायी जागतिक आरोग्य संघटनेने डॉ. सलीम अली यांच्या नेतृत्वाखालील, पक्ष्यांच्या पायांत वळी घालण्याच्या कामाला मदत दिली. पक्ष्यांवरचा आरोप टिकला नाही. मात्र त्या निमित्ताने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा पक्षीस्थलांतराचा अभ्यास जोमाने सुरू झाला. एका विषाणूच्या शोधात दुसऱ्याच शास्त्राचे भले झाले, हे या संस्थेच्या इतिहासातले मला विशेष आवडणारे प्रकरण.

साठचे दशक : तापांच्या साथी आणि नागपूरचा पाहुणा

१९६३ मध्ये कलकत्ता, १९६४ मध्ये मद्रास, १९६५ मध्ये नागपूर अशी चिकुनगुन्याची लाट देशभर फिरली. प्रत्येक ठिकाणी संस्थेची पथके गेली आणि विषाणू वेगळा करून परतली. नागपूरच्या साथीत दोन रुग्णांच्या रक्तातून चिकुनगुन्याशी किंवा डेंग्यूशी न जुळणारे काहीतरी हाती लागले. संस्थेच्या भट आणि रॉड्रिग्ज यांनी १९६७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, तोच चांदीपुरा विषाणू. त्या वेळी त्याकडे एक कुतूहलाची नोंद म्हणूनच पाहिले गेले. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मुलांमध्ये मेंदुज्वराची भयंकर साथ आली, ३२९ मुले आजारी पडली आणि त्यांतली १८३ दगावली. तेव्हा चांदीपुऱ्याकडे बोट दाखवता आले, कारण तो विषाणू ओळखायचा कसा हे पुण्यात अडतीस वर्षांपासून ठाऊक होते.

या दशकात रॉकफेलर फाउंडेशनने टप्प्याटप्प्याने आपला सहभाग कमी केला आणि संस्थेची धुरा पूर्णपणे भारतीय शास्त्रज्ञांच्या हाती आली. डासांचे जाणकार डॉ. टी. रामचंद्र राव यांनी संचालक म्हणून या संक्रमणाचे नेतृत्व केले. परदेशी निधी गेल्यावर काही काळ ओढाताण झाली. जीप जुन्या झाल्या, मागवलेले रसायन वेळेवर येईना. पण क्षेत्रीय काम थांबले नाही.

सत्तर आणि ऐंशीची दशके

१९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकुनगुन्याची साथ आली. त्यानंतर जवळजवळ तीन दशके हा आजार देशातून गायब झाल्यासारखा होता. बार्शीचा विषाणू मात्र संस्थेच्या साठ्यात राहिला. पुढे त्याचे काय झाले ते यथावकाश येईल.

१९७८ मध्ये संस्थेचे ‘राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था’ असे नामकरण झाले. कीटकजन्य विषाणूंपलीकडे कावीळ, फ्लू, अतिसार या विषाणूंवरही काम वाढले. संचालक डॉ. खुर्शीद पावरी यांच्या काळात काविळीचे संशोधन विशेष गाजले. १९५५-५६ मध्ये दिल्लीत पिण्याच्या पाण्यात मैला मिसळून काविळीची प्रचंड साथ आली होती. सुमारे एकोणतीस हजार माणसे पिवळी पडली होती. ती ‘ए’ प्रकारची कावीळ, असेच सगळे धरून चालले होते. त्या साथीतले जपून ठेवलेले रक्तद्रव नव्या चाचण्यांनी तपासले असता ती ‘ए’ही नव्हती आणि ‘बी’ही नव्हती, हे स्पष्ट झाले. पुण्यातील आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांचा हा संयुक्त निबंध १९८० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. आज आपण जिला हेपेटायटिस ‘ई’ म्हणतो तिच्याकडे जाणाऱ्या वाटेवरचा हा महत्त्वाचा टप्पा. अहमदाबाद आणि कोल्हापूर इथल्या साथींचा अभ्यासही याच मालिकेतला. पुढे डॉ. विद्या अरणकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयाला आंतरराष्ट्रीय दर्जा मिळवून दिला.

याच काळात कर्नाटकातल्या कोलारमध्ये जपानी मेंदुज्वराचा एक विषाणू वेगळा करून ठेवला गेला. तो वाण घेऊन भारत बायोटेकने लस तयार केली आणि २०१३ मध्ये ती बाजारात आली. मधली तीस-बत्तीस वर्षे तो कुपीत होता.

नव्वदचे दशक

या दशकाबद्दल थोडक्यात. एड्सच्या वाढत्या कामासाठी १९९२ मध्ये भोसरीला स्वतंत्र राष्ट्रीय संस्था उभी राहिली. पीसीआर आणि जनुकीय क्रमनिर्धारण प्रयोगशाळेत रुळू लागले. नव्या तंत्राकडे किती वळायचे आणि जंगलातल्या कामाला किती माणसे ठेवायची, यावर ज्येष्ठांमध्ये मतभिन्नता होती. प्रत्येक कर्तबगार संस्थेत ती असतेच. दोन्ही बाजूंनी संस्थेचे हितच पाहिले, एवढे नमूद करून पुढे जाऊ.

जनुकीय क्रमावरून विषाणूचा माग काढण्याचा देशातला मोठा वस्तुपाठ या सुमारास मुंबईत घडत होता. हाफकिनच्या आवारातील एंटेरोव्हायरस संशोधन केंद्रात पोलिओच्या विषाणूचा क्रम वाचला जाई. उत्तर प्रदेशातल्या एखाद्या गावातला विषाणू बिहारमधल्या कोणत्या साखळीतून आला हे त्यावरून सांगता येई, आणि लस नेमकी कुठे कमी पडते तेही कळे. हे केंद्र पुढे एनआयव्हीचे मुंबई युनिट झाले. भारतातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देशाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. ‘जिनोम सर्व्हेलन्स’ हा शब्द लोकांच्या कानावर पडण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

२००० ते २०१० : साथींचे दशक

२००५-०६ मध्ये चिकुनगुन्या परतला आणि तो असा की गावेच्या गावे सांधे धरून बसली. प्रश्न होता, हा जुनाच विषाणू की नवा? इथे बार्शीची कुपी उपयोगी पडली. १९६३ आणि १९७३ चे जपलेले विषाणू आणि २००६ चा विषाणू यांचे क्रम शेजारी ठेवल्यावर कळले की जुने आशियाई घराण्याचे होते, नवा आफ्रिकी घराण्याचा आहे. त्याहून मजेशीर गोष्ट म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या यवतला २००० साली डासांतून मिळालेला एक विषाणूही त्याच आफ्रिकी घराण्याचा निघाला. म्हणजे मोठी साथ येण्यापूर्वी पाच वर्षे हा पाहुणा सोलापूर रस्त्यावर येऊन बसलेला होता. तेव्हाच कोणाला त्याचा अर्थ कळला असता तर, असा विचार मनात येतोच. पण यवतची चिठ्ठी नीट लिहिलेली होती म्हणून निदान नंतर तरी तो कळला.

२००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापुरात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आला. कोंबड्यांचे निदान भोपाळच्या प्रयोगशाळेत झाले, माणसांचे नमुने पुण्यात तपासले गेले आणि सुदैवाने माणसांत लागण आढळली नाही. २००९ मध्ये मात्र स्वाइन फ्लूने पुण्यालाच गाठले. ३ ऑगस्टला देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि नायडू रुग्णालयाबाहेर तोंडाला रुमाल बांधलेल्यांच्या रांगा लागल्या. सगळ्या देशाचे नमुने येत होते. संस्थेतले दिवे रात्रभर चालू असत. एकाच प्रयोगशाळेवर सारा देश विसंबला तर काय होते, याचा तो पहिला धडा.

२०१० ते २०२० : कडेकोट दालने

तो धडा वाया गेला नाही. पुढच्या काही वर्षांत वैद्यकीय महाविद्यालयांत विषाणू संशोधन आणि निदान प्रयोगशाळांचे जाळे उभारले जाऊ लागले. त्यांना प्रशिक्षण देणे, त्यांची गुणवत्ता तपासणे आणि रसायने पुरवणे ही कामे पुण्याकडे आली. डिसेंबर २०१२ मध्ये पाषाणला दक्षिण आशियातली पहिली बीएसएल-४, म्हणजे सर्वोच्च जैवसुरक्षा पातळीची, प्रयोगशाळा सुरू झाली. त्याआधीच, जानेवारी २०११ मध्ये, अहमदाबादजवळ क्रिमियन-काँगो रक्तस्रावी तापाचे देशातले पहिले निदान संस्थेने केले होते.

मे २०१८ मध्ये कोझिकोडमध्ये निपाह आला. निदान पुण्यात झाले आणि विषाणू कुठून आला याचा शोध घेत पथके फळवटवाघळांच्या मागे गेली. मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांचे नमुने घेतले गेले आणि त्यांतही निपाहच्या खुणा मिळाल्या. स्ट्रॉबेरी खायला जाणाऱ्या पर्यटकांना हे वाचून जरा धसकाच बसला. तिथे कोणी आजारी पडलेले नव्हते. पण असा विषाणू घाटमाथ्यावर आहे, हे आधीच माहीत असणे मोलाचे.

माकडतापही जागचा हलत होता. २०१५ मध्ये तो गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात दिसला, २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात. काजूच्या बागांत काम करणारी माणसे तापाने पडू लागली. १९५७ पासूनचे जपलेले विषाणू आणि हे नवे विषाणू यांचे क्रम एकत्र वाचून संस्थेने सह्याद्रीतल्या साठ वर्षांच्या प्रवासाचा नकाशाच मांडला. तो निबंध २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी दुसऱ्याच एका विषाणूचा नकाशा काढायची पाळी आली.

२०२० नंतर : तीस हजार अक्षरांचा पाठलाग

३० जानेवारी २०२० रोजी वुहानहून परतलेली त्रिशूरची विद्यार्थिनी करोनाबाधित असल्याचे पुण्यात निश्चित झाले. त्या महिन्यात या चाचणीची सोय असलेली देशातली प्रयोगशाळा जवळजवळ ही एकच होती. जूनच्या अखेरीस देशात एक हजार प्रयोगशाळा झाल्या, त्यामागे आदल्या दशकातले जाळे आणि पुण्यातून गेलेले प्रशिक्षण होते. सुरुवातीच्या दोन रुग्णांच्या विषाणूंचा संपूर्ण क्रम पुण्यात वाचला गेला. मार्चमध्ये इटलीहून आलेले पर्यटक आणि आग्र्यातील बाधित यांच्या नमुन्यांतून विषाणू व्हेरो पेशींवर वाढवून वेगळा केला. इराणमध्ये अडकलेल्या भारतीयांच्या तपासणीसाठी संस्थेचे शास्त्रज्ञ तिकडेही गेले. वेगळा केलेला एक वाण भारत बायोटेकला दिला गेला आणि त्यातून कोव्हॅक्सिन तयार झाली. प्रतिपिंड तपासणीचा ‘कोविड कवच’ संच झायडसमार्फत मे महिन्यात आला. डॉ. प्रिया अब्राहम या वेळी संचालक होत्या. बीएसएल-४ मधील गटाचे काम डॉ. प्रज्ञा यादव आणि त्यांचे सहकारी पाहत होते, तर राष्ट्रीय फ्लू केंद्राच्या डॉ. वर्षा पोतदार यांच्या गटावर निदानाचा मोठा भार होता. नावे घ्यायची तर पानेच्या पाने भरतील. टाळेबंदीत रस्त्यावर एकही वाहन नसताना नमुन्यांच्या पेट्या घेऊन येणारे चालक, रात्रपाळीचे तंत्रज्ञ, कचरा निर्जंतुक करणारे कामगार यांच्याशिवाय यातले काहीच झाले नसते.

२०२० च्या डिसेंबरात ब्रिटनमध्ये झपाट्याने पसरणारा नवा उपप्रकार आढळला. २३ डिसेंबरपासून तिकडची विमाने थांबवण्यात आली, पण त्याआधीच्या चार आठवड्यांत सुमारे तेहतीस हजार प्रवासी भारतात उतरून घरी गेले होते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात केंद्र सरकारने ‘इन्साकॉग’ हा प्रयोगशाळांचा संघ स्थापन केला. सुरुवातीला दहा प्रयोगशाळा होत्या आणि त्यांत पुण्याच्या दोन : एनआयव्ही आणि गणेशखिंडीतले राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र. हैदराबादच्या दोन, बंगळुरूच्या दोन, दिल्लीच्या दोन, शिवाय कल्याणी आणि भुवनेश्वर. २९ डिसेंबरला ब्रिटिश उपप्रकाराचे पहिले सहा रुग्ण जाहीर झाले, त्यातला एक पुण्यात शोधला गेला होता. हा उपप्रकार प्रयोगशाळेत वाढवण्याचेही पुण्यात लगेच जमले, त्यामुळे लस त्याच्यावर चालते का याची परीक्षा करता आली.

हे काम चालते कसे, हे वाचकांना थोडे जवळून सांगायला हवे. एखाद्या तालुक्याच्या रुग्णालयात घेतलेला स्वॅब द्रवमाध्यमाच्या नळीत पडतो. चाचणी पॉझिटिव्ह आली की पाहायचे ते सीटी मूल्य. ते पंचवीस-तिशीच्या खाली असेल तर नमुन्यात विषाणू पुरेसा आहे. वर असेल तर क्रम तुटक येतो आणि तो पाठवून उपयोग नाही. निवडलेली नळी थंड पेटीतून पुण्यात पोचते. तिच्यातला आरएनए वेगळा करायचा, त्याचे तुकडे वाचनासाठी तयार करायचे, यंत्रात भरायचे. यंत्र लाखो छोटे तुकडे वाचते आणि संगणक ते एकावर एक रचून विषाणूची सुमारे तीस हजार अक्षरे लावतो. मग मूळ वुहानच्या क्रमाशी तुलना करायची : कुठे कोणते अक्षर बदलले, आणि ते बदल कोणत्या वंशावळीशी जुळतात. या सगळ्याला सात-आठ दिवस लागू शकतात. पण बरेचदा खरा वेळ यंत्रात जात नसे. नमुन्यासोबत आलेल्या कागदावर जिल्हा आहे पण गाव नाही, लक्षणांची तारीख कोरी आहे, लस घेतली की नाही ते लिहिलेले नाही. मग जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात फोन. फोन लागेना, लागला तर संबंधित माणूस बाहेर गेलेला. क्यासनूरमध्ये कुपीवर चिठ्ठी चिकटवणाऱ्यांनी हे पाहिले असते तर त्यांना आश्चर्य वाटले नसते.

२०२१ च्या फेब्रुवारीत अमरावती, अकोला, यवतमाळ या भागांत रुग्ण अचानक वाढू लागले. बाकी देशात साथ ओसरल्यासारखी वाटत होती, लग्ने धडाक्यात चालू होती. विदर्भासह राज्यातील नमुन्यांच्या क्रमांत काट्यांच्या प्रथिनावरचे एल४५२आर, ई४८४क्यू, पी६८१आर असे बदल एकत्र वारंवार दिसू लागले. २४ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले की महाराष्ट्राच्या १५ ते २० टक्के नमुन्यांत दोन प्रमुख बदल एकत्र आढळत आहेत. वर्तमानपत्रांनी त्याला ‘डबल म्युटंट’ म्हटले. शास्त्रज्ञांच्या यादीत तो बी.१.६१७ होता. या वंशातलाच एक धागा, बी.१.६१७.२, पुढे सगळ्यांना मागे टाकून गेला. ११ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने हा वंश चिंताजनक ठरवला आणि ३१ मे रोजी त्या धाग्याचे नाव डेल्टा झाले. दुसऱ्या लाटेत काय झाले ते इथे पुन्हा सांगायची गरज नाही. ज्यांनी एप्रिल-मे २०२१ मध्ये प्राणवायूसाठी धावाधाव केली त्यांना ते माहीत आहे.

संस्थेच्या इतिहासकाराने इथे एक गोष्ट प्रांजळपणे लिहिली पाहिजे. दर शंभर बाधितांपैकी पाच नमुन्यांचा क्रम वाचावा असे उद्दिष्ट सुरुवातीला ठरले होते. लाटेच्या भरात रोज लाखो रुग्ण असताना ते गाठणे शक्य झाले नाही. निधी, रसायने, राज्यांकडून येणारे नमुने, सगळीकडे ओढ होती. इशारा आणि उपाय यांच्यामधल्या अंतराबद्दल त्या काळात बरीच चर्चा झाली, काही ज्येष्ठांनी जबाबदाऱ्याही सोडल्या. या लेखात त्याचा खल करण्याचे प्रयोजन नाही. मात्र त्यानंतर पद्धत बदलली, हे महत्त्वाचे. टक्केवारीमागे धावण्याऐवजी प्रत्येक राज्यात निवडक प्रयोगशाळा आणि मोठी रुग्णालये ठरवून दिली आणि प्रत्येकीने ठरलेल्या मुदतीने किमान पंधरा नमुने पाठवावेत, असे ठरले. थोडे पण नियमित, आणि सगळ्या भागांतून. डासांच्या पाहणीचे जुने तत्त्व हेच होते. संघातील प्रयोगशाळाही २०२१ च्या मध्यापर्यंत अठ्ठावीस झाल्या आणि पुढे आणखी वाढल्या. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाने राज्यातल्या क्रमनिर्धारणाच्या समन्वयाचा मोठा वाटा उचलला, आणि ऑगस्टमध्ये मुंबईच्या कस्तुरबा रुग्णालयातही यंत्र बसले.

या नव्या घडीचा प्रत्यय जूनमध्येच आला. डेल्टाला आणखी एक बदल चिकटलेला उपप्रकार रत्नागिरी आणि जळगावच्या नमुन्यांत सापडला. डेल्टा प्लसचे राज्यातले पहिले एकवीस रुग्ण जाहीर झाले तेव्हा त्यांतले नऊ रत्नागिरीचे आणि सात जळगावचे होते. हा उपप्रकार फार पसरला नाही. पण जिल्ह्यापर्यंत नेमके बोट ठेवता आले, आणि त्या दोन जिल्ह्यांत संपर्कशोध लगेच वाढवता आला. ओमायक्रॉनच्या वेळी तर दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस जगाला सावध केले आणि २ डिसेंबरला कर्नाटकात, ४ डिसेंबरला डोंबिवलीत रुग्ण सापडले. शोध आणि सूचना यांच्यातले अंतर महिन्यांवरून दिवसांवर आले होते. दर वेळी नव्या उपप्रकाराचा विषाणू पाषाणला वाढवायचा आणि लस घेतलेल्यांचे रक्तद्रव त्याला किती रोखते ते पाहायचे, हे काम पडद्यामागे अव्याहत चालू राहिले.

सध्याचे कार्य

फेब्रुवारी २०२२ मध्ये नाशिकला चाकांवरची बीएसएल-३ प्रयोगशाळा दाखल झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये कोझिकोडला निपाह पुन्हा आला तेव्हा ती तिथे उभी होती; नमुना पुण्याला आणण्याऐवजी प्रयोगशाळाच नमुन्याकडे गेली. जुलै २०२२ मध्ये मंकीपॉक्सचे देशातले पहिले निदान संस्थेत झाले. २०२४ मध्ये गुजरातेत चांदीपुरा परतला, त्याच वर्षी पुण्यात झिकाचे रुग्ण आढळले, आणि २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलेन-बारे आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस शोधून देण्याचे काम संस्थेने केले. त्या वेळी विहिरीच्या पाण्यापासून रुग्णाच्या शौचापर्यंत सगळे तपासले गेले. नागपूरला ‘वन हेल्थ’ संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली आहे. माणूस, जनावर आणि जंगल यांचे आजार एकत्र पाहण्याची कल्पना क्यासनूरच्या वाऱ्या केलेल्यांना नवी वाटणार नाही.

करोनाचे काम संपलेले नाही, त्याचे रूप बदलले आहे. २०२३ च्या डिसेंबरात केरळमध्ये जेएन.१ आढळला, लगोलग गोव्यात आणि सिंधुदुर्गातही; सात वर्षांपूर्वी माकडतापासाठी ज्या जिल्ह्यात पथके गेली होती तिथूनच आता घशाचे स्वॅब आले. २०२५ च्या मे-जूनमध्ये नव्या धाग्यांचे रुग्ण वाढले तेव्हाही क्रम वाचून ते ओमायक्रॉनच्याच कुळातले असल्याचे सांगता आले आणि घबराट टळली. अडचण आता वेगळी आहे. लोक चाचणीच करत नाहीत. सर्दी-खोकला आला की क्रोसिन घेऊन कामाला लागतात आणि नमुनाच नाही तर वाचणार काय? म्हणून फ्लूच्या जुन्या पाहणीलाच करोनाची जोड दिली आहे. तीव्र श्वसनविकाराने रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाचा एकच स्वॅब घ्यायचा, त्यात फ्लू आणि करोना दोन्ही पाहायचे, आणि जो निघेल त्याचा क्रम वाचायचा. जिल्ह्यातून येणाऱ्या नळीबरोबर भरायचा तपशील आता संगणकावर भरला जातो. गाव, तारीख, वय, लक्षणे कधी सुरू झाली, हे रकाने मात्र तेच आहेत.